नळीतला उजेड

आमच्याकडची बंदूक शेती संरक्षणाच्या परवान्यावरची. एकनळी, बारा बोअरची, मोडून उघडायची. लोक तिला शिकारीची म्हणतात. पण 1972 चा वन्यजीव कायदा आल्यापासून शिकार हा शब्द आम्ही घरातही जपून वापरतो. डुक्कर मारायचा तरी वनखात्याची परवानगी लागते. बहुतेक रात्री ती नुसत्या आवाजापुरतीच. बार काढला की डुकरं पलीकडच्या शेतात जातात, म्हणजे चुलत्याच्या.

तिला गावाबाहेर न्यायचं कारण एकच, निवडणूक. आचारसंहिता लागली की ठाण्यातून निरोप येतो, बंदूक जमा करा. विधानसभेची असली तर नेमकी भात पिकायच्या वेळेला. डुकरांना मतदान नसतं, हे साहेबांना कोण सांगणार?

बाबा ती राजदूतवरून न्यायचे. नळी आणि दस्ता सुटे करून गोधडीत बांधायचे. काडतुसं वेगळ्या डब्यात, परवाना प्लास्टिकच्या पिशवीत घालून छातीशी. पण गोधडी बांधण्याआधी सुटी नळी दाराकडे धरून आईला हाक मारायचे, "बघ गो, उजेड दिसता?"

आई हात पुसत यायची. "माका काय त्यातला कळता?"

"तुका कळूक नको. उजेड दिसता काय तेवढा सांग."

ती एक डोळा मिटून बघायची. "दिसता."

मी एकदा विचारलं, तुम्ही स्वतः बघितलंत ना? तर म्हणाले, "मी बघलंय म्हणानच तुझ्या आवशीक दाखवतंय."

बाबांमागे परवाना आपोआप माझ्याकडे आला नाही, नवा काढावा लागला. ही सवय मात्र काढायची राहिली. 2009 ची विधानसभा. सप्टेंबरचा पाऊस, रात्रभर माळ्यावर जागा होतो. सकाळी घाईत बंदूक तशीच आख्खी गवसणीत घातली. आई तेव्हा नव्हती. बायको गोठ्यात होती, तिला हाक मारली नाही.

तिठ्यावर शेजारचा पोरगा उभा. सातवीतला. एसटी चुकलेली आणि पेपर होता. बंदूक बरोबर असताना कुणाला मागं घेऊ नये, एवढं मला कळत होतं. पण त्याचं तोंड बघून घेतला. गवसणी आमच्या दोघांच्या मधे उभी. तिच्या टोकावर हनुवटी टेकून तो नद्यांची नावं घोकत होता. बारा किलोमीटर, आणि रस्ता म्हणजे नुसते खड्डे.

त्याला शाळेपाशी उतरवला. ठाण्याच्या अलीकडे आंब्याखाली गाडी लावली, म्हटलं आता तरी सुटी करू. बंदूक मोडली, तर आत पितळ चमकलं. रात्रीचं काडतूस. घोडा चढवलेला नव्हता, एवढाच काय तो आधार. पण जुन्या बंदुकीत घोड्यावर जोराचा दणका बसला तरी बार होऊ शकतो.

ठाण्यात हवालदारानं नंबर ताडून पाहिला, काडतुसं मोजली. नळीतलं मी डब्यात टाकलं होतं. दहाची दहा भरली. पावती देताना म्हणाला, "तुमचं काम चोख असतं."

पावती अजून माझ्याकडे आहे. तिच्यावर खोटं काहीच नाही. तरी मला वाटतं, ज्याच्या हातून बार उडतो त्याच्यात आणि माझ्यात फरक फक्त एका खड्ड्याचा. चूक दोघांची तेवढीच. त्याला शिक्षा होते, मला शाबासकी मिळाली. काही झालं नाही म्हणजे मी काही केलं नाही, असं मनाला पटवून बघितलं. दिवसा पटतं. आणि घडलंच नाही त्याची माफी मागायची तरी कुणाकडे?

त्याची आई अजून भेटली की म्हणते, "तुमी होतास म्हणान झिलाची परीक्षा चुकली नाय." तिला सांगावं असं कितीदा मनात आलं. सांगून माझा भार उतरेल, तो तिच्या डोक्यावर जाईल. पंधरा वर्षांपूर्वीची भीती तिला आज का द्यायची? हा विचार शहाणपणाचा आहे. माझ्या सोयीचाही आहे, त्यामुळे त्याच्यावर माझा फारसा विश्वास नाही.

2024 च्या विधानसभेला पुन्हा निरोप आला. आता बायकोला उजेड दाखवल्याशिवाय मी निघत नाही. त्या दिवशी ती माहेरी होती. पोरगा दिवाळीला गोव्याहून आलेला, ओटीवर बसून चहा पीत होता. नळी सुटी करून त्याच्या हातात दिली.

"बघ रे, उजेड दिसता?"

त्यानं एक डोळा मिटला. बराच वेळ बघत राहिला.

"दिसता. कित्याक ओ काका?"

मी नळी त्याच्या हातातून घेतली आणि गोधडीत बांधायला लागलो.