दोन बुबुळांमधलं अंतर

चष्मा करायला गेलं की दुकानदार आपल्या नाकावर पट्टी आडवी धरतो. स्वतःचा उजवा डोळा मिटून आपल्याला त्याच्या डाव्या डोळ्याकडे बघायला सांगतो आणि पट्टीचा शून्य आपल्या उजव्या बुबुळावर लावतो. मग डोळा बदलून दुसऱ्या बुबुळापाशी आकडा वाचतो आणि कागदावर लिहितो, ‘पीडी’ अमुक. मोठ्या माणसांत हा आकडा साधारण ६३ मिलिमीटरच्या आसपास असतो. पण कुणाचा ५७ भरतो, कुणाचा ७०.

चष्म्यासाठी आपण हे माप निमूट देतो. व्हीआरचा हेडसेट मात्र घरात हातोहात फिरतो. जयपूरच्या मानसरोवरात स्थिरावलेल्या एखाद्या मराठी घरात भाचा खेळून उठतो आणि तोच हेडसेट आत्याच्या डोळ्यांवर चढवतो; तिला समुद्र दाखवायचा असतो. दोन मिनिटांत ती म्हणते, “नको रे, गरगरतंय.” आणि घर ठरवून टाकतं, वयाचं आहे.

हे मला फार लागतं. चित्र हलतं आणि अंग खुर्चीत स्थिर असतं, म्हणूनही गरगरतं, हे खरं. पण भिंगं तिच्या बुबुळांसमोर होती की नाही, हे कुणी पाहिलेलंच नसतं. दोन डोळ्यांना किंचित वेगळी चित्रं दाखवली की मेंदू त्यांतून खोली उभी करतो, हे चार्ल्स व्हीटस्टननं १८३८ मध्ये आरशांच्या यंत्रानं दाखवून दिलं. हेडसेट आजही त्याच तत्त्वावर चालतो. भिंगाचा मध्य बुबुळासमोरून सरकला की अक्षरांच्या कडा पसरतात, आणि दोन चित्रं एक करताना डोळे ओढले जातात. कपाळ तिथून ठणकायला लागतं.

उपाय मिनिटाभराचा आहे. पट्टे सैल करून हेडसेट जरा वर-खाली करावा आणि अक्षरं ठळक दिसतील तिथे थांबवावा. मग भिंगं सरकवावीत. २०२० च्या क्वेस्ट २ या हेडसेटमध्ये ती हातानं ५८, ६३ आणि ६८ अशा तीनच जागी बसत; क्वेस्ट ३ ला चाक आहे, हवं तिथे थांबतं. एकेक डोळा मिटून आत्यालाच विचारावं, दोन्हीकडे सारखं दिसतंय का? तिच्याऐवजी आपण ठरवू नये. चष्म्याच्या कागदावर पीडी असेल तर तिथूनच सुरुवात करावी.

एवढं करूनही एक अडचण उरतेच. आतला पडदा भिंगांमुळे ठरावीक अंतरावरच भासतो. वस्तू जवळ आली की डोळे आत वळतात, पण नजर मात्र त्या ठरल्या अंतरावरच टिकवावी लागते. त्या ओढाताणीनं तरुण डोळेही थकतात. तेव्हा पंधरा मिनिटांनी आत्या म्हणाली ‘पुरे’, तर हेडसेट काढू द्यावा. पुढच्या खेपेला देताना चाक पुन्हा बघावं; मधल्या आठवड्यात ते भाच्यानं फिरवलेलं असणार.