शिक्रा नव्हे, पारवा

आजचं वाचन एकनाथी भागवताचा सातवा अध्याय. अवधूत यदुराजाला आपल्या चोवीस गुरूंबद्दल सांगतो, तो. पण आधी एका पिसाची गोष्ट सांगते.

परवा बाल्कनीत एक पीस सापडलं. राखाडी, टोकाशी काळपट पट्टा. आमच्या सोसायटीच्या टाकीवर हल्ली एक शिक्रा येऊन बसतो, त्यामुळे माझ्या मनाने ठरवूनच टाकलं की हे त्याचं. प्रसाद मिळाल्यासारखं वाटलं, अगदी खरं सांगते. पोथीत खूण म्हणून ठेवलं, वर नमस्कारही केला.

दुसऱ्या दिवशी पक्षी बघत फिरणाऱ्या मैत्रिणीला फोटो पाठवला. तिने विचारलं, आडवे पट्टे किती? एकच. बोट फिरवल्यावर पांढरी भुकटी लागते? लागली. एका कडेला पांढरी किनार आहे? नीट बघितलं, तर होती.

"मग पारवा गं. शिक्र्याच्या शेपटीवर एकाखाली एक बरेच पट्टे असतात. हे पारव्याच्या शेपटीतलं अगदी कडेचं पीस."

पारवा म्हणजे आपलं रोजचं कबूतर! पुढच्या क्षणी मी ते पोथीतून काढलं होतं. मनात आलं, शी, घाण. आता, यात खोटं काही नाही. कबुतरांच्या विष्ठेने, पिसांच्या भुकटीने काहींच्या फुप्फुसांना कायमचा त्रास होतो. आईचा खोकला थांबेना म्हणून गेल्या वर्षी आम्हीच बाल्कनीला जाळी लावली. पण हे सगळं मला आदल्या रात्री का आठवलं नाही? भुकटी तेव्हाही होतीच की. म्हणजे कारण खरं, पण ते आलं नाव कळल्यावर. मला ते पीस नकोसं झालं ते साधं निघालं म्हणून. आणि आईचा खोकला मी पुढे केला.

हे मला पिसापेक्षा जास्त लागलं. कारण माणसांच्या बाबतीतही मी हेच करत असणार.

त्यात आजचा अध्याय! अवधूताचा आठवा गुरू कोण, तर कपोत. मनात म्हटलं, चला, आता कबुतराची थोरवी ऐकायला मिळेल. तसं काही नाही हो. तो कपोत बायकामुलांत इतका गुंतलेला की पिल्लं पारध्याच्या जाळ्यात सापडतात, त्यांच्यामागे कपोती जाते, आणि शेवटी सगळं दिसत असूनही तो स्वतःच जाळ्यात पडतो. पारधी सगळ्यांना घेऊन घरी जातो. इतकंच. अवधूत कबुतराला मोठं करत नाही, हिणवून सोडूनही देत नाही. शेवटपर्यंत बघतो. मी मात्र नाव ऐकलं आणि बघणंच थांबवलं.

म्हणजे पूर्ण थांबवलं असंही नाही. ती पांढरी किनार मला मैत्रिणीने विचारल्यावर दिसली. आदली अख्खी रात्र ते पीस पोथीत होतं, मी त्याला नमस्कार केला होता, आणि किनार पाहिलीच नव्हती.

हात धुतले. पीस सध्या खिडकीबाहेरच्या कुंडीत खोचून ठेवलंय. आईने विचारलं, कसलं गं ते? म्हटलं, पारव्याचं.