साक्षी आणि प्रेक्षक

पाहणे हे कर्म आहे की नाही, असे कोणी विचारले तर आपण बहुधा हसून तो प्रश्न सोडून देऊ. हाताने घेतले तर चोरी होते, वाचेने बोलले तर निंदा होते. डोळ्यांनी नुसते पाहिले तर कोणाचे काय गेले? मीही असेच समजत होतो. ही समजूत धनुष्कोडी येथे एका अगदी साध्या प्रसंगाने ढासळली. प्रसंग माझ्याच चुकीचा आहे. तरी तो वाचकांपुढे ठेवतो. कारण हल्ली यात्रेस निघणाऱ्या प्रत्येकाच्या हाती छायाचित्र घेण्याचे साधन असते, आणि ही चूक फार सहज घडते.

मदुराईहून आम्ही मोटारीने रामेश्वरास गेलो. चिरंजीव गाडी चालवीत होते, मी व सौ. मागे बसलो होतो. रामनाथस्वामींचे दर्शन झाल्यावर सेतूचे स्नान करावयाचे, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी धनुष्कोडीचा रस्ता धरला. एका बाजूस बंगालचा उपसागर, दुसऱ्या बाजूस मन्नारचे आखात, आणि मध्ये वाळूची अरुंद पट्टी. २०१७ सालापासून पक्का रस्ता थेट अरिचल मुनै ह्या टोकापर्यंत गेला आहे. त्यापूर्वी यात्रेकरू वाळूतून जीपगाडीने किंवा पायी जात.

तीर्थ प्राचीन खरे, पण गाव म्हणून धनुष्कोडी नांदले ते रेल्वेमुळे. १९१४ साली पांबनचा समुद्रावरील पूल खुला झाला. मद्रासेहून बोट मेल नावाची गाडी येथवर येई. उतारू येथे आगबोटीत बसत, समुद्र ओलांडून तलैमन्नारला उतरत आणि तेथून पुन्हा रेल्वेने कोलंबो गाठीत. ह्या साऱ्या प्रवासाला एकच तिकीट पुरे. स्टेशन, जकातीची कचेरी, टपालघर, शाळा, रेल्वेच्या नोकरांची घरे असे सारे गावात होते. २२ डिसेंबर १९६४ च्या रात्री चक्रीवादळ आले. पांबनहून निघालेली पॅसेंजर गाडी धनुष्कोडीच्या अगदी जवळ आली असता लाटेने गिळली. नोंदीप्रमाणे गाडीत ११० उतारू व रेल्वेचे ५ नोकर होते. एकही वाचला नाही. गावही गेले. सरकारने ती जागा वस्तीस अयोग्य ठरविली. पांबनचा मोडलेला पूल ४६ दिवसांत दुरुस्त झाला, २०२५ साली त्याच्या शेजारी नवा पूलही झाला, परंतु धनुष्कोडीस आगगाडी पुन्हा आली नाही.

आज तेथे स्टेशनचे भग्नावशेष आहेत, पाण्याच्या टाकीचे अवशेष आहेत, आणि प्रवाळाच्या दगडांनी बांधलेल्या ख्रिस्ती प्रार्थनामंदिराच्या भिंती आहेत. वर छप्पर नाही, आत वाळू. सकाळचे ऊन त्या भिंतींतून तिरपे पडले होते. चित्र उत्तम येणार हे कळावयास कलावंत असण्याची गरज नव्हती. मात्र भिंतीच्या सावलीत एक वृद्ध बाई शंखशिंपल्यांची टोपली घेऊन बसली होती. मी हाताने खूण केली की, थोडे बाजूला व्हा. ती उठली. टोपली उचलून दहाबारा पावले दूर जाऊन उन्हात उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. रोजचीच सवय दिसली. मी चित्र घेतले, मग तिच्याकडून शिंपल्यांची एक माळ विकत घेतली, आणि व्यवहार पुरा झाला असे मनास वाटले.

गाडीत बसल्यावर सौ. म्हणाल्या, “अहो, ती तर तिथलीच ना? आपण पाहुणे. मग उठवायचे कोणी कोणाला?”

मी उत्तर दिले नाही. पण घरी आल्यावर ते चित्र मोठे करून भिंतीवर लावले, तेव्हा एका स्नेह्यांनी विचारले, “तेथे आता कोणीच राहत नाही काय?” आणि मी चटकन म्हणालो, “कोणीही नाही.”

हे उत्तर असत्य होते. कोळ्यांची कुटुंबे तेथे परत येऊन राहिली आहेत. ताडाच्या झावळ्यांच्या झोपड्या मी डोळ्यांनी पाहिल्या होत्या. ही माणसे वाळूत उथळ खड्डा खणतात, त्यात गोडे पाणी झिरपते, तेच पितात. चहूकडे खारा समुद्र असता हे पाणी मिळते, ह्याचे नवल आम्ही तिघांनी तेथे उभे राहून केले होते! तरीही जिभेवर “कोणीही नाही” हेच आले, कारण चित्रात कोणी नव्हते. आणि चित्रात कोणी नव्हते, कारण मी तिला उठविले होते. चित्रातील प्रत्येक दगड खरा आहे, ऊन खरे आहे, वाळू खरी आहे. सारे मिळून मात्र खोटे आहे. वाणीचे तप सांगताना भगवंतांनी सत्य, प्रिय व हितकर बोलणे एकत्र सांगितले. कॅमेराही एक प्रकारची वाणीच आहे, हे माझ्या ध्यानी फार उशिरा आले.

ह्यावर सुशिक्षित मनुष्याजवळ एक शास्त्रीय उत्तर तयार असते. ते माझ्याही मनात आले होते. म्हणून त्याचा विचार केला पाहिजे. पाचव्या अध्यायात म्हटले आहे की, तत्त्ववेत्ता पाहत असता, ऐकत असता ‘मी काही करीत नाही’ असे मानतो. मग मीही केवळ साक्षी होतो, असे का म्हणू नये? परंतु हा साक्षी कशापासून अलिप्त असतो ते पाहावे. तो आपल्या इंद्रियांच्या ओढीपासून, आपल्या लाभहानीपासून दूर उभा असतो. माझी स्थिती नेमकी उलट होती. सुंदर चित्राची आसक्ती पूर्ण होती. अलिप्तता होती ती फक्त त्या बाईच्या उन्हाविषयी. आपल्या सुखात बुडालेला आणि परक्याच्या दुःखापुरता विरक्त झालेला मनुष्य साक्षी नव्हे, प्रेक्षक होय. तिकिटाचे पैसे देऊन बसणारा प्रेक्षक तरी बरा. तो नटास रंगभूमीवरून उठवीत नाही.

तर मग अशा स्थळाचे चित्रच घेऊ नये काय? तसे मी म्हणणार नाही. विसरलेल्या गावाची आठवण राहण्यास चित्रे उपयोगी पडतात, आणि यात्रेकरू आल्याने त्या टोपलीतील चार माळा खपतात हेही खरे. गीतेचा सारा प्रसंगच मुळी एका पाहणाऱ्याने सांगितलेला आहे. व्यासांनी दृष्टी देऊ केली असता धृतराष्ट्राने ती नाकारली. स्वजनांचा वध पाहणे त्यास नको होते. ती संजयास मिळाली. संजयाने रणातून कोणास वगळले नाही. राजास ऐकणे कठीण जाईल तेही सांगितले, आणि ह्यात तुझाही दोष आहे, हे त्याच्या तोंडावर सांगावयास तो चुकला नाही. असे पाहणे पुण्यप्रद आहे, ह्याविषयी मला शंका नाही.

आणि रामेश्वराच्याच वाटेवरची नाथमहाराजांची कथा कोणा मराठी घरात ठाऊक नाही? गंगेची कावड रामेश्वरास वाहण्यासाठी चालली आहे, वाटेत तप्त वाळूत गाढव तहानेने तडफडत आहे. नाथांनी इतक्या लांबून वाहून आणलेले गंगाजल त्याच्या मुखात घातले. हातात देवासाठी आणलेली वस्तू असताही त्यांना समोरचा जीव दिसला. माझ्या हातात एक यंत्र होते, समोर मनुष्य होता, आणि मला भिंत दिसली. ही तुलना लिहिताना लाज वाटते. पण लिहिली नाही तर ह्या लेखात माझे म्हणून काय उरेल?

ते चित्र मी काढून टाकणार होतो. सौ. म्हणाल्या, “राहू द्या. विचारतील त्यांना सांगत जा.” म्हणून ते अजून भिंतीवर आहे. कोणी विचारले म्हणजे सांगतो की, तेथे माणसे राहतात, वाळूतून गोडे पाणी काढतात, आणि ह्या भिंतीच्या सावलीत एक बाई बसली होती, तिला मी उठविले. ऐकणारा थोडा गप्प होतो. मग चहा येतो.