पापणीचे ऑपरेशन : उपचार की नटणे?



“फादर, या वयात पापणीचे ऑपरेशन केले तर लोक काय म्हणतील? म्हातारपणी नटायला निघाली म्हणतील ना?” प्रश्न साधा वाटतो, पण त्यामागे एक जुना नैतिक प्रश्न उभा आहे. देवाने दिलेल्या देहात बदल करण्याचा माणसाला कितपत अधिकार आहे?

आधी आजार समजून घेऊ. वय वाढते तशी वरच्या पापणीची कातडी सैल होऊन डोळ्यावर उतरते. कधी पापणी उचलणारा स्नायूच ढिला पडतो. मग वरचे व बाजूचे नीट दिसत नाही. खालची पापणी आत वळली तर तिचे केस बुबुळावर घासतात. बाहेर वळली तर डोळ्यातून सतत पाणी गळते. काही बालकांची पापणी जन्मतःच पडलेली असते. ती बाहुली झाकत असेल आणि वेळीच उपचार झाले नाहीत, तर त्या डोळ्याची नजर कायमची मंद राहू शकते. (पापणी अचानक पडली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.) अशा उपचाराला नटणे म्हणणे हा अन्याय आहे. बेथसैदाच्या आंधळ्याला आधी अंधुक दिसू लागले, पण प्रभू येशू तेवढ्यावर थांबला नाही. त्याने पुन्हा हात ठेवले (मार्क ८:२२-२६).

मग डोळ्यांखालच्या पिशव्या आणि सुरकुत्यांचे काय? तिथे बहुधा आजार नसतो, प्रश्न रूपाचा असतो. पोप बारावे पायस यांनी ४ ऑक्टोबर १९५८ रोजी, मृत्यूच्या पाच दिवस आधी, इटलीतील प्लास्टिक सर्जनांपुढे याच विषयावर भाषण केले. शारीरिक सौंदर्य चांगले आहे, पण ते सर्वोच्च मूल्य नव्हे, ही त्यांची भूमिका होती. अशी शस्त्रक्रिया मुळातच पाप नाही. मात्र हेतू शुद्ध हवा, प्रकृतीला मोठा धोका नको आणि कारण पुरेसे हवे.

म्हणून निर्णयापूर्वी स्वतःला विचारावे : मी हे कशासाठी करतो आहे? पुढे डोळा कोरडा पडणे, पूर्ण न मिटणे असे धोके मी समजून घेतले आहेत का? यासाठी कर्ज काढून घरच्यांवर भार टाकतो आहे का? पिशव्या काढल्या तरी वय थांबत नाही. आजाऱ्याच्या उशाशी जागलेल्या रात्रींची खूण चेहऱ्यावर राहिली, तर त्यात लाजण्यासारखे काय आहे?

एक प्रश्न मात्र आपल्या सर्वांसाठी आहे. पडक्या पापणीच्या मुलीला शाळेत ‘झोपाळू’ म्हणून चिडवतात, लग्नाच्या बोलणीत तिच्या डोळ्याकडे बोट दाखवतात. ती ऑपरेशन मागते तेव्हा आपण तिच्या हेतूची तपासणी करतो. तिला आरशापुढे रडायला लावणाऱ्यांच्या नजरेची तपासणी कोण करणार? तिथे उपचाराची गरज पाहणाऱ्याला आहे.

नेत्ररुग्णांची आश्रयदाती संत लुसिया आपल्यासाठी विनंती करो.

आपला ख्रिस्तबंधू,
प्रमुख धर्मगुरू