आयटीआय कुणाच्या पोरांनी करायचे?

‘सगळ्यांनीच बी.ए. होऊन काय दिवे लावायचेत? पोरांना आयटीआयला घाला, कारखाने दारात आहेत.’ दादरा-नगर हवेलीतल्या सिल्वासात, अगदी डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम शासकीय महाविद्यालय जिथे आहे त्या डोकमर्डीतही, असा सल्ला सहज कानावर पडतो. सल्ला म्हणून तो वाईट नाही. खटकते ते एवढेच, की तो बहुधा वारली, कोकणा, धोडिया घरांतल्या मुलांसाठी असतो; देणाऱ्याची स्वतःची मुले तोवर अभियांत्रिकीच्या क्लासला लागलेली असतात.

रस्ते सगळ्यांना पाठ आहेत. दहावीनंतर अकरावी-बारावी, नाहीतर करडचे पॉलिटेक्निक आणि तिथून थेट डिग्रीचे दुसरे वर्ष. आयटीआयमध्ये फिटर-इलेक्ट्रिशियनला दहावी लागते. वेल्डर, वायरमनला आठवी पास चालते. १९५० पासून चालत आलेल्या या कारागीर प्रशिक्षणाने लाखो घरांच्या चुली पेटत्या ठेवल्या आहेत. त्याला नाक मुरडणाऱ्यांनी घरातला फ्यूज उडाला की कुणाला हाक मारतो ते आठवावे.

पण कामासाठी शिकवणे वेगळे आणि कामातून शिकवणे वेगळे. १९३७ च्या वर्धा परिषदेत गांधीजींनी मांडलेली नई तालीम दुसऱ्या जातीची होती: टकळीवरच्या सुतातून गणित यावे, कापसातून भूगोल. आयटीआय पहिल्या जातीचे. तिथे ट्रेड ठरतो, यंत्र ठरते, परीक्षा ठरते आणि विद्यार्थी त्या मापाचा होऊन बाहेर पडतो.

दुसऱ्या जातीचे उदाहरण महाराष्ट्रात पाबळला आहे. हिंदुस्तान लिव्हरमध्ये संशोधन केलेले डॉ. श्रीनाथ कलबाग १९८३ मध्ये शिरूर तालुक्यातल्या या दुष्काळी गावात आले आणि त्यांनी विज्ञान आश्रम काढला. शाळा सुटलेली मुले हेच त्यांचे विद्यार्थी. वर्षभर मुक्काम, वर्कशॉप, शेती-पशुपालन, ऊर्जा-पर्यावरण, घर-आरोग्य हे चारही विभाग प्रत्येकाने करायचे. लोखंडी खिडकी जोडायची तर कोन मोजावे लागतात, मालाचा हिशेब काढावा लागतो, गिऱ्हाइकाला दर पटवून द्यावा लागतो. गणितात नापास झालेला मुलगा हे सगळे करतो, आणि आपण गणित करतोय हे त्याच्या गावीही नसते. कलबागांनी मग हीच पद्धत नेहमीच्या शाळांत नेली: आठवी ते दहावी, आठवड्यातून एक दिवस हाताने काम. इथे जरा रेंगाळण्याचे कारण असे, की कलबागांनी हुशार आणि ढ अशी वाटणीच केली नाही. वर्कशॉप सगळ्यांना.

‘कारखाने दारात आहेत’ या दाव्याकडेही एकदा बघायला हवे. करसवलतींमुळे दादरा-नगर हवेलीत प्लास्टिकचे, धाग्याचे कारखाने उभे राहिले हे खरे. पण जनगणना पाहा: १९९१ मध्ये इथे आदिवासी सुमारे ७९ टक्के होते, २००१ मध्ये ६२, आणि २०११ मध्ये ५२. आदिवासी कमी झाले नाहीत. बाहेरून कामगार आले. कारखाना दारात आल्याने दारातल्या मुलाला काम मिळतेच असे नाही, आणि मिळाले तरी कोणत्या दर्जाचे, हा प्रश्न उरतोच. सल्लागाराचे एक म्हणणे मात्र मान्य करावे लागते: हातात काहीच कसब नसलेली पदवी गरीब घराला परवडत नाही.

मग आठवीपासूनच धंदेशिक्षण का नको? ज्याला हवे त्याने तिथूनच वेल्डिंगकडे वळावे. इथपर्यंतचा युक्तिवाद सरळ तिकडेच चालला आहे. पण वाटेत कायदा आडवा येतो. २००२ ची ८६ वी घटनादुरुस्ती आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झालेला शिक्षण हक्क कायदा, दोन्ही ६ ते १४ वयापुरते. बालमजुरीचा कायदा २०१६ मध्ये सुधारला. त्यात १४ च्या आतल्या मुलांना कामावर ठेवायला बंदी, १४ ते १८ मधल्यांना बंदी फक्त धोकादायक उद्योगांत. म्हणजे ज्या वाढदिवशी मोफत शिक्षणाचा हक्क संपतो, त्याच दिवशी मजुरीची मुभा सुरू होते. घरात दोन वेळची भ्रांत असलेल्या चौदा वर्षांच्या मुलाने यातून काय निवडायचे? त्याच्या नावाने परिस्थितीच निवड करते आणि आपण तिला ‘पर्याय’ म्हणतो.

तेव्हा आधी कसब की आधी पदवी, हा वाद दुय्यम ठरतो. हक्काची मर्यादा १८ वर नेली पाहिजे, आणि त्या हक्कात आयटीआयची फी, हत्यारे, वसतिगृह सगळे बसले पाहिजे. २०२० चे शैक्षणिक धोरण १८ वर्षांपर्यंत सर्वांना शिक्षणाची भाषा करते, पण धोरण दाखवून कोर्टात दाद मागता येत नाही. महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निदान बारा वर्षांपर्यंत सक्तीचे शिक्षण मागितले होते. देशाला तसा हक्क द्यायला सव्वाशेहून अधिक वर्षे लागली. पुढची चार वर्षे वाढवायला तेवढी थांबण्याची तयारी कुणी ठेवू नये.

तोवर आठवीनंतर मुलाला वेल्डरला घालणाऱ्या पालकांना एक सांगणे: त्याच वर्षी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा (एनआयओएस) दहावीचा अर्जही भरा. वय १४ पूर्ण असले की चालते, आणि उत्तीर्ण व्हायला पाच विषय पुरतात.