कीर्तनातला मिक्सर

भागवतातील नवविधा भक्तीत श्रवण पहिले, कीर्तन दुसरे. म्हणून कीर्तनासाठी मिक्सर निवडताना कोण कोणाला ऐकणार, हा धार्मिक प्रश्न आधी सोडवावा लागतो.

वारकरी कीर्तनात कीर्तनकार एकटा नसतो. मागे टाळकरी उभे असतात, बाजूला मृदंग, शेजारी विणेकरी. कीर्तनकाराने म्हटलेला चरण टाळकरी उचलून धरतात. माइक फक्त कीर्तनकारापुढे ठेवला, की या सामुदायिक उपासनेचे व्याख्यान होते. तेव्हा कीर्तनकाराला एक, मृदंगाच्या दोन तोंडांना दोन, पेटीला एक आणि टाळकऱ्यांना दोन, असे सहा माइक धरावेत. इथेच अनेक मंडळे फसतात. खोक्यावर ‘१२ चॅनल’ छापलेले असते. स्टिरिओ जोड्या दोन-दोन मोजून आकडा फुगवलेला असतो आणि माइक लावायच्या जागा चार किंवा सहाच निघतात. कंडेन्सर माइक असेल तर ४८ व्होल्टचा फँटम पुरवठाही लागतो.

‘इको’चे बटण मात्र सर्वांना प्रिय! ते जास्त फिरवले की शब्द पुसट होतात, आणि अभंगात शब्दच ऐकायचा असतो.

राहिला प्रश्न मंडपाबाहेरच्यांचा. श्रवण ही भक्ती असेल, तर ती ऐकणाऱ्याच्या इच्छेनेच होते. शेजाऱ्याच्या कानावर लादलेला अभंग त्याच्यापुरता गोंगाटच. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिवर्धकास बंदी आहे. वर्षातील मोजक्या दिवशी राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते.