मलपृष्ठ वाचलंत, पुस्तक नाही

वाचन प्रेरणा दिनानिमित्त तुम्ही लिहिलेल्या वह्या आज परत देतो आहे. एकाही वहीवर गुण नाहीत. का नाहीत ते नीट ऐका, आणि ऐकताना बाकाखाली मोबाइल चाळू नका.

'अलीकडे वाचलेल्या पुस्तकांविषयी लिहा' एवढंच सांगितलं होतं. कादंबरी, आत्मचरित्र, नाटक, कविता, विज्ञानकथा, वैचारिक लेखन, यांपैकी जे वाचलं असेल ते. याद्या जवळजवळ सगळ्यांच्या भरगच्च आहेत. पण त्या पानांमध्ये मला वाचलेलं पुस्तक शोधावं लागलं आणि बहुतेकांच्या वहीत ते सापडलं नाही. 'मनाला भिडणारे', 'अंतर्मुख करणारे', 'प्रत्येकाने एकदा तरी वाचावे असे'. पुस्तकाचं नाव खोडून दुसरं घातलं तरी ही वाक्यं जशीच्या तशी बसतात. मग ती लिहायला पुस्तक उघडायची गरजच काय होती? पाच वह्यांत तर एकच परिच्छेद आहे आणि पाचही ठिकाणी 'हृदयस्पर्शी' एकाच पद्धतीने चुकीचं लिहिलं आहे. कुणी कुणाचं उतरवलं याची चौकशी मी करणार नाही. पाचांपैकी कुणीही ते पुस्तक वाचलेलं नाही, एवढं मला कळलं.

हे दुसऱ्या कुठल्या वर्गात घडलं असतं तर मी एवढा संतापलो नसतो. तुम्ही छात्राध्यापक आहात. थोड्याच दिवसांत तुमच्यापुढे पहिली-दुसरीतली पोरं बसतील आणि त्यांना वाचायला कोण शिकवणार, तर तुम्ही.

'स्मृतिचित्रे' घ्या. अनेकींनी घेतलं आहे, चांगली गोष्ट आहे. पण लिहिलं काय? 'लक्ष्मीबाईंनी आयुष्यभर अपार दुःख सोसले. वाचताना डोळ्यांत पाणी आल्याशिवाय राहत नाही.' हे वाक्य वाचलं आणि तिथेच मला कळलं की पुस्तक उघडलेलंच नाही. अहो, लक्ष्मीबाई टिळक दुःखाचं सांगतानाही हसवतात! सोवळ्याच्या वेडापायी घरात येणारी प्रत्येक जिन्नस धुऊन घेणारे वडील त्या पुस्तकात आहेत. लहर लागेल तेव्हा घर सोडून निघणारा कविमनाचा नवरा आहे. या माणसांविषयी रडगाणं गायला बाईंना भरपूर सवड होती, त्यांनी ते गायलं नाही. १८९५ साली नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पुढची काही वर्षं लक्ष्मीबाईंनी कशी काढली ते वाचा. बाई चिडतात, हट्ट धरतात, चुकतात, आणि हे सगळं बोलल्यासारखं सरळ लिहितात. त्या शाळेत गेलेल्या नव्हत्या. सोवळ्याच्या घरात वाढलेली ही बाई पुढे जातिभेद मनातून काढून टाकते. तो बदल पुस्तकात नेमका कुठे होतो, कशामुळे होतो, हे तुमच्यापैकी एकीनेही टिपलेलं नाही. 'स्त्री-सक्षमीकरणाचे उत्तम उदाहरण' असं मात्र चौघींनी लिहिलं. हा शब्द लक्ष्मीबाईंच्या माथी मारण्याआधी त्यांचं म्हणणं ऐकून घ्यायला हवं होतं.

आता 'बनगरवाडी'. एकाने ती ग. दि. माडगूळकरांची म्हणून लिहिली आहे. कादंबरी व्यंकटेश माडगूळकरांची, १९५५ सालची. गदिमा त्यांचे थोरले बंधू. मुखपृष्ठावर छापलेलं नावसुद्धा बघितलं नाही, याला काय म्हणायचं? दुसऱ्याने 'ही लेखकाची आत्मकथा आहे' असं ठोकून दिलं, कारण पुस्तकात 'मी' आहे. त्या 'मी'ला नाव आहे, राजाराम विठ्ठल सौंदणीकर. तो कोण आहे? शिक्षक. तुमच्याच वयाचा, औंध संस्थानातल्या धनगरांच्या एका वाडीवर नेमणूक झालेला. बाकी कुणी नाही तरी तुम्ही हे पुस्तक श्वास रोखून वाचायला हवं होतं. आणि तुम्ही लिहिता, 'आदर्श शिक्षक कसा असावा याचा बोध या कादंबरीतून मिळतो.'

कुठे मिळतो? पान दाखवा.

पोरं मेंढरांमागे जातात म्हणून शाळा ओस पडते, आणि मास्तरला आधी कारभाऱ्याचं मन वळवावं लागतं. पुढे गावाची कागदपत्रं, तंटे, अडचणी सगळं त्याच्यापाशी येऊ लागतं. कारभाऱ्याची पोर अंजी चोळी शिवून आणायला सांगते, मास्तर भाबडेपणाने आणून देतो, आणि दादू बालट्या तेवढ्यावरून गावात विष कालवतो. खेड्यावर नेमणूक झालेल्या तरुण शिक्षकावर हे आजही येऊ शकतं. या प्रसंगावर तुम्ही थांबायला हवं होतं, वाद घालायला हवा होता. मास्तर चुकला का? त्याने काय करायला हवं होतं? शेकूच्या शेतात बैलाच्या जागी त्याची बायको जुवाला लागते. तो प्रसंग माडगूळकरांनी किती कमी शब्दांत लिहिला आहे ते एकदा बघा. हळहळ नाही, उपदेश नाही. मास्तरच्या आग्रहाने गाव राबतं, तालीम उभी राहते, आणि मग दुष्काळ येतो. मेंढरं मरतात, माणसं वाडी सोडून जातात, शाळेत पोर उरत नाही. केलेलं सगळं काम डोळ्यांदेखत रिकामं पडलेलं बघून मास्तर निघतो. यातून 'बोध' काढायचा म्हणजे दुष्काळच वाचायचा नाही. कादंबरीला सुविचाराचा फळा करू नका.

पण मला सगळ्यात जास्त लागलं ते कर्णाचं. एका वहीत 'मृत्युंजय' आणि 'युगान्त' ही दोन्ही पुस्तकं लागोपाठ आहेत. वाटलं, चला, इथे काहीतरी असेल. पहिल्याखाली लिहिलं आहे, 'कर्णाचे महान जीवन डोळ्यांसमोर उभे राहते.' दुसऱ्याखाली, 'महाभारताची सखोल माहिती मिळते.' संपलं. अरे, ही दोन पुस्तकं एकमेकांच्या विरुद्ध उभी आहेत! दोन्ही १९६७ सालची. शिवाजी सावंतांच्या कादंबरीत सहा जण बोलतात. कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि श्रीकृष्ण. ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्या बाजूने वाचकाला उभं करायचं, हा कादंबरीचा हेतू आहे आणि तो तिने पुरेपूर साधला आहे. 'युगान्त' लिहिणाऱ्या इरावती कर्वे मानवशास्त्रज्ञ. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ साली सुरू झालेलं महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम १९६६ साली पुरं झालं. त्या आवृत्तीने नंतर घुसलेला मजकूर बाजूला काढला. बाई त्या आवृत्तीचा पाठ समोर ठेवून माणसं तपासतात, आणि कर्णाला जराही सवलत देत नाहीत. द्यूतसभेत द्रौपदीची विटंबना चालली असताना तो काय बोलला, हे त्या विसरू देत नाहीत. द्रौपदीने स्वयंवरात 'सूतपुत्राला वरणार नाही' म्हणून त्याचा अपमान केला, ही गोष्ट आपण सगळे लहानपणापासून ऐकतो. चिकित्सक आवृत्तीच्या मूळ पाठात ती नाही.

मग कर्णाविषयी तुमचं मत काय झालं? सावंतांचा कर्ण खोटा ठरतो का? की कादंबरीकाराला जो हक्क आहे तो संशोधकाला नाही, आणि संशोधकाला जो आहे तो कादंबरीकाराला नाही? हा प्रश्न तुमच्या वहीत दोन ओळींच्या मधल्या मोकळ्या जागेत पडून होता आणि तुम्ही त्याला ओलांडून पुढच्या पुस्तकावर गेलात. दोन पुस्तकं भांडत असताना वाचणाऱ्याला झोप लागता कामा नये. तुम्ही फक्त यादी वाढवलीत.

नाटकांचंही तेच. 'वाडा चिरेबंदी'खाली सगळीकडे 'ग्रामीण जीवनाचे दर्शन'. एलकुंचवारांचं हे १९८५ सालचं नाटक वाचताना कंसातल्या रंगसूचना गाळल्यात ना? मग अंगणात बंद पडून गंजत असलेला तो ट्रॅक्टर तुम्हाला दिसणार कसा? संवादात तो येतो-जातो, नाटकभर मात्र तो देशपांडे कुटुंबाच्या वाड्याएवढाच ठाण मांडून आहे. नाटक डोळ्यांपुढे मांडून वाचायचं असतं.

जयंत नारळीकरांच्या कथांवर 'विज्ञानाचे महत्त्व पटते' एवढंच लिहू नका. आज सिद्ध झालेलं विज्ञान कुठे संपतं आणि लेखकाची कल्पना कुठे सुरू होते, ती जागा शोधून दाखवा. या माणसाने १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'कृष्णविवर' ही कथा टोपणनावाने पाठवली होती. आपल्या नावाकडे बघून कुणी गुण देऊ नयेत, अशी ज्याची इच्छा, त्याच्याविषयी तुम्ही पानभर 'थोर शास्त्रज्ञ' लिहिता आणि कथेवर एक ओळ.

'गोलपिठा' एकालाच वाचावंसं वाटलं. त्याने लिहिलं आहे, 'भाषा शिवराळ आहे, कळली नाही, आवडली नाही.' आवडली नाही, हे प्रामाणिकपणे लिहिलंस, ते मी मान्य करतो. पण कळली नाही म्हणून पुस्तक मिटलंस, हे मान्य नाही. विजय तेंडुलकरांनी १९७२ साली या संग्रहाला प्रस्तावना लिहिली. नामदेव ढसाळांच्या कवितेतलं जग आपल्या पांढरपेशा जगाच्या पलीकडचं आहे, हे त्यांनी त्यात उघड मान्य केलं, आणि कळले नाहीत त्या शब्दांचे अर्थ खुद्द ढसाळांना विचारून घेतले. तेंडुलकरांएवढ्या लेखकाला विचारायची लाज वाटली नाही. तू निदान मला तरी विचारायचं होतंस.

एक वही मात्र बाजूला काढली आहे. तिच्यात एकच पुस्तक आहे आणि मजकूर अर्ध्या पानाचा. शुद्धलेखनाच्या चुका भरपूर. पण तिने लिहिलं आहे की 'श्यामची आई' वाचताना तिला आईचा राग आला, कारण ती पोराला फार कडक वागवते, आणि मग आपली आजी तशीच होती हे आठवून ती गोंधळली. तो गोंधळ तिने झाकला नाही, तसाच लिहिला. साने गुरुजी तिने वाचले आहेत. बाकीच्यांनी त्यांना नुसता नमस्कार घातला आहे.

उद्या पाठ टाचणात तुम्ही 'विद्यार्थ्यांमध्ये वाचनाची आवड निर्माण करणे' असं उद्दिष्ट लिहाल. लिहू नका, जोवर तुम्हाला ती नाही. सहा वर्षांचं पोर खोटं चटकन ओळखतं. गुरुजींनी पुस्तक वाचलेलं नाही, हे त्याला त्यांच्या आवाजावरून कळतं, आणि मग तेही तुमच्यासारखंच दोन विशेषणं पाठ करून मोकळं होतं. मग पुन्हा अशीच वही, आणि ती तपासणारा पुन्हा असाच शिक्षक. हे इथे थांबलं पाहिजे, म्हणून मी आज बोलतो आहे.

सोमवारी सगळ्यांनी नव्याने लिहून आणायचं. एकच पुस्तक, कुठल्याही प्रकारातलं. 'अप्रतिम', 'हृदयस्पर्शी', 'बोध' हे शब्द वापरायचे नाहीत. पुस्तकातला एक प्रसंग, त्याचा पान क्रमांक, आणि तिथे तुम्हाला पडलेला एक खरा प्रश्न, एवढं लिहा. ज्यांना पुस्तक विकत घेणं परवडत नाही त्यांनी आज सुट्टीनंतर ग्रंथालयात या, मी तिथे थांबतो आणि माझ्या नावावर पुस्तक काढून देतो. ज्यांचं सोमवारपर्यंत वाचून होणार नाही त्यांनी 'वाचून झालं नाही' असं लिहून सही करा. त्यांना आणखी आठवडा मिळेल. उतरवून आणलेली वही मी स्वीकारणार नाही.